मधला रस्ता

घर बदलायचं ठरलं तेव्हा लेक साडेसहा वर्षांची होती आणि धाकटा नुकताच तीनचा झाला होता. शहर तेच राहणार होतं, फक्त वस्ती बदलायची होती. आम्ही नवराबायकोनं रीतसर तक्ता मांडला. डावीकडे नऊ वस्त्यांची नावं, वर तीन रकाने: शाळा, बाग, सुरक्षितता. प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण. शाळेचे गुण निकालावरून, बागेचे नकाशावरच्या हिरव्या तुकड्याच्या आकारावरून आणि सुरक्षिततेचे पोलिसांकडे नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांवरून. तीन रात्री बसून बेरजा केल्या. एक वस्ती सगळ्यांच्या वर आली, 30 पैकी 26 गुण.

रविवारी सकाळी आम्ही सगळे तिथं गेलो. प्रशस्त बाग, झाडलेले रस्ते, बागेच्या पलीकडे शाळेची नवी इमारत. घरही मनात भरलं. परतताना इसार कधी द्यायचा यावरच बोलणं चाललं होतं. आई सोबत होती, पण वाटेत काही बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी कुठलीही वस्ती चांगलीच दिसते गं. शाळा भरते त्या वेळेला जाऊन ये एकदा. आणि पोरीला चालवत ने, गाडीनं नको."

मंगळवारी सकाळी साडेसातला मी आणि लेक त्या इमारतीच्या फाटकातून शाळेच्या दिशेनं चालायला लागलो. नकाशावर अंतर 800 मीटर दिसत होतं. सुरुवातीला छान पदपथ होता, मग त्या पदपथावर दुचाक्या उभ्या दिसल्या, मग पदपथच संपला. शाळेच्या अलीकडे एक चौक ओलांडायचा होता. पट्टे होते, पण पुसट, आणि त्यांना अगदी खेटून दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या. मुलांना सोडायला आलेल्या पालकांच्या गाड्या त्यांच्या बाहेर दुसऱ्या रांगेत. मला उभ्यानं पलीकडचं सगळं दिसत होतं. लेक मात्र जागची हलेना. "मला काही दिसतच नाही," म्हणाली. मी तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसले. समोर एका पांढऱ्या गाडीचं बॉनेट होतं, त्यावर वाळलेल्या चिखलाचे ठिपके, आणि बॉनेटच्या वर आभाळाची एक पट्टी. बाकी काही नाही. येणारी गाडी बघायची तर दोन पावलं रस्त्यात टाकून, मान बाहेर काढूनच बघावी लागणार होती. म्हणजे गाडी तिला दिसण्याआधी ती गाडीच्या वाटेत उभी असणार.

मी तिला उचलून घेतलं आणि चौक ओलांडला. शाळेपाशी जाऊन परत फिरलो. त्या घराचा विषय तिथंच संपला.

त्यानंतर हाती लागेल ते मी वाचत गेले. अंगावर येणारी गाडी डोळ्यांत जशी मोठी होत जाते, त्यावरून आपण तिचा वेग ओळखतो. प्राथमिक शाळेच्या वयात ही नजर पुरती तयार झालेली नसते. 2011 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं की ताशी साधारण 32 किलोमीटरच्या वर वेग गेला की या वयाच्या मुलांना गाडी जवळ येते आहे हेच भरवशानं कळत नाही. आपण 'नीट बघून जा' म्हणतो, पण नीट बघूनही मुलाला ते दिसत नाही. आणि गाडीचं गणित तर कागदावर मांडून बघता येतं. ताशी 30 च्या वेगात गाडी सेकंदाला आठ मीटरहून थोडं जास्त जाते. चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ती 13 मीटरच्या आसपास थांबते. 50 च्या वेगात त्याच गाडीला 28 मीटर लागतात. आम्ही उभ्या होतो त्या चौकात गाडी दिसल्यापासून पट्ट्यांपर्यंत जेमतेम 20 मीटर होते.

मग तक्ता बाजूला ठेवला आणि वस्त्या पायांनी बघायच्या ठरवल्या. नियम साधा होता. प्रत्येक ठिकाणी चार वेळा जायचं: शाळा भरताना, शाळा सुटताना, दिवेलागणीला आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर. घर, शाळा, बाग या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू मुलांच्या वेगानं चालायच्या. नवऱ्याला सकाळच्या वेळा जमायच्या, मला संध्याकाळच्या. बसथांब्यापासून रात्री आठला एकटीनं चालत येण्याचं काम नणंदेनं आपण होऊन अंगावर घेतलं. ती म्हणाली, "वहिनी, दिवसा तुम्ही काय हवं ते बघा, रात्रीचं मी सांगते." कुठल्या वळणावर पावलं आपोआप भरभर पडली, हे ती आल्यावर सांगायची आणि आम्ही नकाशावर खूण करायचो. एका वस्तीत नोंदलेले गुन्हे सगळ्यांत कमी होते, पण तिच्या तिथं पाच खुणा झाल्या. लांबच लांब बंद भिंत, एकही खिडकी रस्त्याकडे उघडणारी नाही, दुकान नाही, माणूस नाही.

त्या आकड्यांबद्दलही माझं मत बदललं. स्टेशन किंवा बाजार असलेल्या वस्तीत गुन्ह्यांचं प्रमाण भरमसाठ दिसतं, कारण दिवसभर बाहेरची हजारो माणसं तिथं येऊन जातात आणि भागाकार मात्र तिथं राहणाऱ्यांच्या संख्येनं होतो. कुठं लोक तक्रार करायला जातात, कुठं जातच नाहीत. आकडा खोटा नसतो, पण तो आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत असतो असंही नाही. निकालांचं तसंच. 1966 साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या पथकानं सुमारे 6 लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून मांडलं होतं की मुलांच्या गुणांमधला बराचसा फरक शाळेच्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीमुळे पडतो. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि चांगला शिक्षक मुलाला कुठल्या कुठे नेतो हे मी स्वतः बघितलेलं आहे. पण निकालाच्या टक्केवारीवरून शाळा निवडणं म्हणजे बऱ्याच अंशी तिथं येणारी घरं निवडणं, हे मला पटलं.

बागांनी सगळ्यांत जास्त वेळ घेतला. ज्या मोठ्या बागेला आम्ही दहापैकी नऊ गुण दिले होते, तिथं मुद्दाम पुन्हा गेलो, या वेळी मोजपट्टी घेऊन. बागेला फाटक एकच, तेही हमरस्त्यावर. मुलांची खेळणी अगदी आतल्या टोकाला, मेंदीच्या उंच कुंपणामागे. बाकांवर बसलेल्या माणसांची तोंडं कारंज्याकडे, पाठ खेळण्यांकडे. चढायच्या जाळीच्या दोन आडव्या दांड्यांमध्ये मोजपट्टी लावली तर अंतर भरलं साडेपाच इंच. खेळण्यांच्या सुरक्षेचे नियम सांगतात की साडेतीन ते नऊ इंचांच्या मधली फट धोक्याची, कारण लहान मुलाचं अंग त्यातून पाय पुढे करून निसटतं आणि डोकं अडकतं. धाकटा त्या क्षणी त्याच जाळीवर पाय टाकत होता.

झोपाळ्याची साखळी ज्या आकड्यात अडकवलेली असते, तो आकडा झिजून उघडला होता. त्याच्या तोंडात नाणं सहज शिरलं. एवढी फट असली की आकडा बदलायलाच हवा, कारण त्यात कपडा अडकू शकतो किंवा साखळी निसटू शकते. घसरगुंडी लोखंडी, पश्चिमेकडे तोंड केलेली. दुपारी चारला तळहात टेकवला आणि लगेच उचलला. खाली रबरी लाद्या होत्या, पण उन्हापावसानं त्या टणक झालेल्या, अंगठा दाबला तर दबतही नव्हत्या. बागेतल्या गंभीर दुखापतींमध्ये पडण्याचा वाटा सगळ्यांत मोठा असतो, म्हणून खेळण्याच्या रंगाआधी खालची जमीन बघायची, ही एक गोष्ट मी आता भेटेल त्या पालकाला सांगते. वाळू किंवा लाकडाचा भुसभुशीत चुरा असेल तर तो दबून बसल्यानंतरही निदान नऊ इंच खोल हवा. झोपाळ्याखाली तो पायांनी उकरला जाऊन खड्डा पडतो, तिथं बोट घालून बघायचं. लगेच जमीन लागली तर तो भुसा नुसता दिखाव्याचा.

यातलं काही बिघडलेलं असणं मी समजू शकते. झिजतंच सगळं. पण फाटकाशी तक्रारीसाठी नंबर नाही, माळी सांगतो "वर कळवलंय", आणि महिन्यानं गेलो तरी झोपाळ्याचा आकडा तसाच. बागेचं रंगकाम मात्र त्या महिन्यात झालं होतं. मला त्याचा राग आला आणि अजूनही येतो.

आणि मग तो त्रिकोणी तुकडा सापडला. यादीतल्या सातव्या वस्तीत, नकाशावर तो हिरवा रंगवलेलाही नव्हता. तीन इमारतींच्या मध्ये उरलेली जागा, फार तर पाचशे चौरस मीटर. दोन झोपाळे, वाळूचा एक चौकोन, उड्या मारत जायला वेगवेगळ्या उंचीचे दगड, कमरेएवढं कुंपण. संध्याकाळी सहाला तिथं वीस-बावीस मुलं होती. वरच्या खिडकीतून कुणी कुणाला हाक मारत होतं. कडेच्या बाकावर एक आजोबा बसलेले. मी विचारलं, "आजोबा, मुलं किती वाजेपर्यंत असतात इथं?"

"दिवे लागले की अर्धा तास. मग एकेक घरी. तो झाडाखालचा दिवा गेले दोन महिने लागत नाही, म्हणून त्या बाजूला आम्ही कुणाला जाऊ देत नाही."

'आम्ही' म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. ते मुलांची नावं घेऊन हाका मारत होते आणि त्यातलं एकही मूल त्यांचं नव्हतं.

अॅमस्टरडॅममध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर आल्डो व्हान आइक या वास्तुरचनाकारानं अशाच उरलेल्या, ओसाड पडलेल्या जागांवर मुलांसाठी खेळायच्या जागा केल्या. 1947 साली पहिली झाली आणि पुढच्या तीसेक वर्षांत त्यांची संख्या 700 च्या वर गेली. वाळूचा हौद, दगड, नळ्यांच्या कमानी, एवढंच सामान. बहुतेकांना उंच कुंपण नसायचं, त्या रस्त्याचाच भाग असायच्या. ते वाचलं तेव्हा मला हा त्रिकोण आठवला. मोठी बाग हवीच, झाडं हवीत, धावायला मोकळी जागा हवी. पण मूल रोज जातं ते घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या जागेत. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. आठवड्यातून एकदा गाडीनं नेऊन ती भरून निघत नाही. आणि घरापासून 300 मीटरच्या आत हिरवी जागा असावी असं जे नगररचनेत म्हणतात, ते 300 मीटर मुलाच्या पायांनी मोजायचे, मध्ये हमरस्ता असेल तर ते 300 मीटर राहत नाहीत.

शाळेची भेट त्या मानानं लवकर आटोपली, कारण काय विचारायचं ते तोवर कळलं होतं. निकालात ही शाळा मधल्या फळीतली. मुख्याध्यापिका बाईंना म्हटलं, आम्हाला मधल्या सुट्टीत येऊ द्या. त्या लगेच हो म्हणाल्या, हे मला आवडलं. आधीच्या दोन शाळांनी फक्त सभागृह आणि संगणक कक्ष दाखवला होता. मधल्या सुट्टीत शाळा खरी दिसते: पटांगणात मोठी मुलं लहानांना जागा देतात का, एकटं बसलेलं मूल कुणाच्या लक्षात येतं का, शिक्षक कुठं उभे असतात. मुलींच्या स्वच्छतागृहात मी स्वतः गेले. कडी लागत होती, साबण होता, पाणी होतं. हे तीन नसतील तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग बाकी शाळा कितीही चांगली असो.

दोन प्रश्न आवर्जून विचारले. शाळा सुटल्यावर मूल कुणाच्या हाती देता? आणि आग लागली तर मुलं बाहेर काढायचा सराव शेवटचा कधी झाला? पहिल्यावर बाईंनी वही काढून दाखवली. प्रत्येक मुलासमोर न्यायला येणाऱ्या माणसांची नावं आणि फोटो, आणि त्या यादीत नसलेला सख्खा काका आला तरी आधी घरी फोन. दुसऱ्यावर त्या म्हणाल्या, "मागच्या सहामाहीत झाला, या सहामाहीत राहिलाय." राहिलाय हे त्यांनी सरळ सांगितलं, त्यामुळे बाकीच्या उत्तरांवरही माझा विश्वास बसला.

घर तिथं घेतलं. आधीच्यापेक्षा एक खोली कमी.

सगळं जुळलं असं मात्र नव्हतं. घर ते शाळा 650 मीटर, त्यातले 600 चांगले. उरलेल्या 50 मीटरांत एक सरळ रस्ता होता, जिथं गाड्या वेग घ्यायच्या. हे घर घेण्याआधीच दिसलं होतं आणि ते सुधारून घेण्यासारखं आहे असं वाटलं म्हणून घेतलं. राहायला आल्यावर दुसऱ्या महिन्यात नवरा आणि मी खडू, मोजपट्टी आणि मोबाईलचं घड्याळ घेऊन तिथं उभे राहिलो. 50 मीटरवर दोन खुणा केल्या. 50 मीटर जायला गाडीला 6 सेकंद लागले तर वेग ताशी 30, साडेतीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागला तर 50. सकाळी अर्ध्या तासात 40 गाड्या मोजल्या. 27 गाड्यांनी ते अंतर 6 सेकंदांच्या आत कापलं, त्यातल्या 8 गाड्यांनी 4 च्या आत.

हाच कागद पालिकेला दिलेल्या पहिल्या अर्जाला जोडला. सोबत मुलांच्या उंचीवरून काढलेले फोटो, कॅमेरा जमिनीपासून एक मीटरवर धरून. अर्जात भावना कमी ठेवली. काय हवं ते नेमकं लिहिलं: पट्टे, त्यांच्या आधी गतिरोधक आणि कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना काही मीटर गाड्या लावायला मनाई. 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलंय की जिथं चालणारी माणसं आणि गाड्या एकत्र येतात तिथं वेगमर्यादा ताशी 30 असावी, आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं तो जाहीरनामा उचलून धरला. तेही लिहिलं. पोच घेतली. दीड महिना काही झालं नाही. दुसरा अर्ज शाळेच्या शिक्क्यासह, तिसरा त्रिकोणातल्या सगळ्या घरांच्या सह्यांसह. सह्या गोळा करताना मी पहिल्यांदा सगळ्या मजल्यांवर गेले. बाकावरच्या आजोबांनी स्वतः चौदा घरं फिरून सह्या आणल्या.

तोवर वाट बघत बसायचं नव्हतं. शेजारच्या ताईंची दोन मुलं त्याच शाळेत, वरच्या मजल्यावरचं एक. आम्ही मुलांची रांग करून चालत न्यायला लागलो. अशा रांगेला 'चालती बस' म्हणतात हे नंतर कळलं. ठरलेली वाट, ठरलेले थांबे, ठरलेली वेळ. सात वर्षांवरच्या सहा मुलांमागे एक मोठं माणूस, त्याहून लहान असतील तर तिघांमागे एक. पुढे एक, मागे एक. सुरुवातीला सात मुलं होती, तिसऱ्या महिन्यात एकोणीस झाली. तेवढ्या गाड्या शाळेच्या फाटकाशी कमी झाल्या, हे मुख्याध्यापिका बाईंनीच पालकसभेत सांगितलं.

डेन्मार्कमधल्या ओडेन्सं शहरात 1970 च्या दशकात शाळेच्या वाटा सुरक्षित करायचं काम सुरू झालं, कारण तेव्हा पायी जाणाऱ्या मुलांच्या अपघातांत तो देश युरोपात फार वाईट स्थितीत होता. इटलीतल्या बोल्झानोत 1989 पासून शाळा भरताना आणि सुटताना शाळेसमोरचा रस्ता थोडा वेळ गाड्यांना बंद ठेवतात. पंधरा मिनिटं. एवढंच आमच्याही शाळेपुढे व्हावं असं मला मनापासून वाटतं आणि पुढचा अर्ज त्याचाच आहे.

सातव्या महिन्यात पट्टे आखले गेले आणि दोन गतिरोधक आले. आम्ही पुन्हा खडू आणि घड्याळ घेऊन उभे राहिलो. 40 पैकी 9 गाड्या 6 सेकंदांच्या आत गेल्या. झाडाखालचा दिवाही आता लागतो. कोपऱ्यावर लावलेल्या गाड्या मात्र अजून तशाच आहेत.

धाकटा यंदा शाळेत जायला लागला. मागच्या आठवड्यात रांगेची पाळी माझी होती. पट्ट्यांपाशी सगळे थांबले आणि मी डावीउजवीकडे बघत होते, तेवढ्यात लेकीनं दप्तर पाठीवरून काढलं, धाकट्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली, मान वळवून दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, थांब. इथून त्याला काही दिसत नाहीये."